दिवाळखोरीत रिकाम्या केलेल्या घराची घरपट्टी : कोणी, कधी आणि कोणाच्या पैशातून भरायची

कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली, कंपनी बुडाली आणि प्रकरण एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेले. कुटुंबाने राहते घर रिकामे केले. यानंतर घरपट्टीबाबत दोन चुका वारंवार होतात. काही जण ‘आता घर आपले राहिले नाही’ असे धरून बिले उघडतही नाहीत, आणि महिन्याला २ टक्के शास्ती (उशिराचा दंड) चढत जाते. काही जण मिळकत सील होईल या धास्तीने हातातले पैसे जमवून सगळी जुनी थकबाकी एकरकमी भरतात. पुढे ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन देणी फेडण्यासाठी नेमलेली व्यक्ती) त्या भरण्याचा हिशेब मागतो, तेव्हा उत्तर देता येत नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. घरपट्टीची रक्कम एकसंध धरली जाते. प्रत्यक्षात ती तारखांप्रमाणे तुटते आणि प्रत्येक तुकड्याचा नियम वेगळा असतो.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीतील घरांसाठी आहे. पुण्यात घरपट्टीला मिळकत कर म्हणतात, मुंबई-ठाण्यात मालमत्ता कर; पद्धत बहुतांशी सारखीच आहे.

## टप्पा १ : प्रकरण नेमके कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मधला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. अशी प्रकरणे एनसीएलटीत चालतात.

हमीदार नसलेली, स्वतःच्या धंद्यात किंवा हातउसन्या कर्जात बुडालेली व्यक्ती या संहितेखाली येत नाही. तिच्यासाठी जुने कायदे आहेत : मुंबई शहरात १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स कायदा आणि उच्च न्यायालय, बाकी ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. हा फरक घरपट्टीसाठी फार मोठा आहे. जुन्या दोन्ही कायद्यांत स्थानिक संस्थेचे देणे सरकारी देण्याच्या बरोबरीने अग्रक्रमाने फेडायचे असते. संहितेच्या कलम १७८ मधल्या क्रमात केंद्र आणि राज्य सरकारची देणी आहेत, स्थानिक संस्थेचे नाव वेगळे घेतलेले नाही. त्यामुळे एका कायद्याखालचा सल्ला दुसऱ्या प्रकरणात चालवू नका. इथून पुढचे सगळे संहितेखालच्या हमीदारांबद्दल आहे.

## टप्पा २ : चार तारखा एका कागदावर लिहा

बिलाला हात लावण्यापूर्वी हे करा. पुढचा सगळा हिशेब याच कागदावर उभा राहतो.

१. कलम ९४ खाली तुम्ही किंवा कलम ९५ खाली धनकोने (ज्याचे देणे आहे त्याने) अर्ज दाखल केल्याची तारीख.
२. कलम १०० खाली अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशाची तारीख. इथून वसुलीवर जास्तीत जास्त १८० दिवसांची स्थगिती सुरू होते.
३. परतफेडीची योजना फसल्यावर दिवाळखोरीचा अर्ज केल्याची तारीख.
४. दिवाळखोरीचा आदेश झाल्याची तारीख आणि ट्रस्टीच्या नेमणुकीची तारीख.

शेजारी वेगळ्या रकान्यात घर रिकामे केल्याची तारीख लिहा. ती या चारांपैकी कशाचीही जागा घेत नाही. घर सोडल्याने कराची जबाबदारी कोणाकडेच सरकत नाही.

सावधान : अर्ज दाखल होणे म्हणजे दिवाळखोर ठरणे नव्हे. पहिल्या तारखेपासून चौथ्या तारखेपर्यंत घर तुमच्याच मालकीचे असते आणि चालू घरपट्टीही तुमचीच असते.

अर्ज दाखल होताच लागणाऱ्या अंतरिम स्थगितीबद्दल एक खुलासा. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात हमीदारांसाठीची ही अंतरिम स्थगिती काढण्याची तरतूद होती. म्हणून तुमच्या अर्जाच्या दिवशी कोणती तरतूद लागू होती, हे आरपीकडून (रिझोल्युशन प्रोफेशनल, म्हणजे नादारीची प्रक्रिया चालवणारा व्यावसायिक) लेखी घ्या. ‘अर्ज टाकला की सगळे थांबते’ या ऐकीव भरवशावर राहू नका.

## टप्पा ३ : घर कोणत्या गटात बसते ते ठरवा

बोजा नसलेले छोटे घर. कर्जदाराच्या मालकीचे एकच राहते घर, त्यावर कोणतेही तारण नाही आणि किंमत शहरी भागात २० लाख रुपयांपर्यंत किंवा ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत असेल, तर ते दिवाळखोरीच्या मालमत्तेतून वगळले जाते. ते ट्रस्टीकडे जात नाही. त्याची घरपट्टी आदेशापूर्वी, आदेशानंतर आणि मुक्ततेनंतरही (दिवाळखोरीतून सुटल्यावरही) तुम्हीच भरायची.

बोजा नसलेले, पण मर्यादेपेक्षा महाग घर. ट्रस्टीच्या नेमणुकीबरोबर हे घर कलम १५४ प्रमाणे आपोआप त्याच्याकडे जाते. खरेदीखत किंवा दस्तनोंदणी लागत नाही. आणि चुका होतात त्या इथेच, कारण कायद्याने मालकी सरकली तरी महापालिकेच्या नोंदवहीत तुमचेच नाव राहते. तिथले संगणक आदेश वाचत नाहीत. बिल तुमच्याच नावाने निघते आणि शास्तीही तुमच्याच खात्यावर चढते.

बँकेकडे गहाण असलेले घर. सर्वाधिक प्रकरणे याच गटातली असतात. दिवाळखोरीच्या आदेशाने तारणधारक बँकेचा तारण विकण्याचा हक्क जात नाही. बँकेने सरफेसीखाली (बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली) ताबा घेतला असेल तर तो प्रतीकात्मक आहे की प्रत्यक्ष, हे पाहा. दारावर नोटीस चिकटवून वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि कुलूप तुमचेच राहिले, तर तो प्रतीकात्मक ताबा. दोन्ही प्रकारांत महापालिकेच्या दप्तरी नाव तुमचेच असते.

नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरचे घर. ट्रस्टीकडे जातो तो फक्त दिवाळखोराचा हिस्सा. दुसऱ्या मालकाची जबाबदारी तशीच राहते, आणि महापालिका मिळकतीवरचा कर अर्धा अर्धा करून घेत नाही. अशा घरात दुसऱ्या मालकाने स्वतःच्या खात्यातून चालू कर भरत राहणे सर्वांत सुरक्षित.

मुंबईत एक तपासणी आधी करा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. घर त्यात बसत असेल तर प्रश्न उरतो तो फक्त त्याआधीच्या थकबाकीचा.

## टप्पा ४ : घर सोडतानाचे कागद

हे काम कुलूप लावण्याच्या दिवशीच करायचे असते, नंतर पुरावा गोळा होत नाही.

- वीजमीटर आणि पाण्याच्या मीटरचे, तारीख दिसेल असे फोटो.
- प्रत्येक खोलीचा फोटो, मागे राहिलेल्या सामानाची यादी.
- चावी बँकेला किंवा ट्रस्टीला दिली तर सही-शिक्क्याची पोच. तोंडी ‘चावी दिली’ याला किंमत नाही.
- बँकेने प्रत्यक्ष ताबा घेतला तर पंचनाम्याची प्रत.
- सोसायटीच्या सचिवाला पत्र : सदनिका अमुक तारखेपासून बंद आहे, पत्रव्यवहार अमुक पत्त्यावर करावा.
- मिळकत क्रमांक, मागच्या तीन वर्षांची बिले व पावत्या, सूची २ (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स-२) आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत.

पाणीपट्टी काही महापालिकांत घरपट्टीच्या बिलातच असते, काही ठिकाणी वेगळी येते. वेगळी असेल तर नळजोड तात्पुरता बंद करण्याचा अर्ज द्या. त्याने घरपट्टी मात्र कमी होत नाही. कर मिळकतीवर बसतो.

सावधान, पुण्यातील घरांसाठी : स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्के सवलत घेतलेली असेल, तर घर सोडल्यावर ‘स्वतः राहतो’ असा पीटी-३ अर्ज नव्याने भरून देऊ नका. दिवाळखोरीत असताना दिलेली खोटी माहिती सवलतीच्या रकमेपेक्षा कितीतरी महागात पडते. आणि घर रिकामे आहे म्हणून परस्पर भाडेकरू ठेवू नका. ते भाडे ट्रस्टीच्या किंवा बँकेच्या हिशेबात येते.

## टप्पा ५ : बिलाचे तुकडे करा

महापालिकेचा मालमत्ता कर सहामाही असतो. पहिली सहामाही १ एप्रिलला आणि दुसरी १ ऑक्टोबरला आगाऊ देय होते. हातात येणारे बिल वर्षाचे असते, त्यात मागील थकबाकी आणि शास्तीही मिसळलेली असते. ते सुटे करायचे.

समजा वर्षाचा कर २४,००० रुपये आहे, ३१ मार्चपर्यंतची थकबाकी शास्तीसह ६०,००० रुपये आहे, आणि दिवाळखोरीचा आदेश व ट्रस्टीची नेमणूक दोन्ही १० ऑगस्टला झाले.

पहिला तुकडा : ६०,००० रुपये. आदेशापूर्वीचे, स्पष्टपणे जुने देणे. हे दिवाळखोरीच्या कर्जात जाते. यासाठी महापालिकेने ट्रस्टीकडे दावा नोंदवायचा असतो.

दुसरा तुकडा : एप्रिल ते सप्टेंबरचे १२,००० रुपये. हा कर १ एप्रिललाच देय झाला, म्हणून महापालिका तो पूर्ण जुन्या देण्यात धरू शकते. ट्रस्टीला दिवसांप्रमाणे वाटणी हवी असेल, तर १८३ दिवसांपैकी १ एप्रिल ते ९ ऑगस्ट हे १३१ दिवस आदेशापूर्वीचे. म्हणजे सुमारे ८,५९० रुपये आधीचे आणि ३,४१० नंतरचे. दोन्ही आकडे मांडून द्या, निवड ट्रस्टीला करू द्या.

तिसरा तुकडा : ऑक्टोबर ते मार्चचे १२,००० रुपये. घर ट्रस्टीकडे गेले असेल तर हा त्या मालमत्तेचा खर्च. ट्रस्टीने भरला की तो प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो, आणि कलम १७८ मध्ये तो खर्च सर्वांत आधी फेडायचा असतो. घर वगळलेल्या गटातले असेल तर हेच १२,००० तुमचे.

शास्तीचेही तसेच करा. १२,००० रुपयांवर महिन्याला २ टक्के म्हणजे २४० रुपये. आदेशाच्या तारखेपर्यंतची शास्ती वेगळी, नंतरची वेगळी. करसंकलन कार्यालयात जाऊन १० ऑगस्टपर्यंतचा खातेउतारा मागा. ऑनलाइन दिसणारी रक्कम त्या दिवसापर्यंतची असते, मागच्या तारखेची नाही.

तपासा : तिन्ही तुकड्यांची बेरीज बिलाच्या एकूण रकमेशी जुळते का? जुळत नसेल तर मधल्या काळात कोणीतरी भरणा केला आहे, किंवा चेक न वटल्याचा दंड लागला आहे. आधी तो शोधा.

## टप्पा ६ : महापालिकेचे नाव धनकोंच्या यादीत घाला

अर्ज भरताना बँका, पतसंस्था, पुरवठादार सगळे आठवतात. महापालिका विसरली जाते. धनकोने अर्ज केला असेल तर आदेशानंतर ७ दिवसांत आर्थिक स्थितीचे विवरण द्यावे लागते. त्यात मिळकत क्रमांक, थकबाकी आणि करसंकलन कार्यालयाचा पत्ता असलाच पाहिजे. नोटीस यादीतल्या धनकोंना जाते. जाहीर सूचनेनंतर दावा नोंदवायला ७ दिवस असतात, आणि एवढ्या वेळात महापालिकेची फाइल टेबलावरून हलतसुद्धा नाही. म्हणून पत्र तुम्हीच, आधी न्या. दोन प्रती करा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मजकूर साधा ठेवा :

*प्रति, कर आकारणी व करसंकलन विभाग. विषय : मिळकत क्रमांक … बाबत. सदर मिळकतीचा नोंदणीकृत करदाता म्हणून कळवतो की, माझ्याविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये दिनांक … रोजी आदेश झाला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. नियुक्त ट्रस्टीचा पत्ता सोबतच्या आदेशात आहे. दिनांक … पर्यंतच्या थकबाकीचा दावा आपण त्यांच्याकडे नोंदवावा. सदर दिनांकापर्यंतचा व त्यानंतरचा खातेउतारा स्वतंत्र द्यावा. मिळकत दिनांक … पासून रिकामी आहे. पुढील सर्व बिले व नोटिसा माझ्या खालील पत्त्यावर आणि ट्रस्टीकडे पाठवाव्यात.*

‘कर माफ करावा’ हे वाक्य या पत्रात घालू नका. ते घातले की पत्र माफीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात जाते आणि मुख्य काम अडकते.

पत्ता बदलण्याचे काम सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. बिल आणि जप्तीची नोटीस बंद दारावर चिकटवली तरी महापालिकेची बाजू भक्कम राहते. मोबाइल क्रमांकही बदलून घ्या.

स्थगिती किंवा आदेश लागू असताना जुन्या थकबाकीसाठी कोणी सील करायला आले, तर वाद घालू नका. आदेशाची प्रत आणि आवक क्रमांकाचे पत्र दाखवा आणि त्याच दिवशी आरपीला किंवा ट्रस्टीला लेखी कळवा. हरकत घेणे त्यांचे काम आहे.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष भरणा

मुद्दा किती भरायचे यापेक्षा कोणाच्या पैशातून, हा आहे.

अर्जापूर्वी. नियमित बिल वेळेत भरणे हा रोजचा व्यवहार आहे, तो चालू ठेवा. मात्र बाकी धनकोंना थांबवून एकाच धनकोची मोठी जुनी थकबाकी चुकती केली, तर दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या ६ महिन्यांतले असे व्यवहार ट्रस्टी कलम १६५ खाली तपासू शकतो.

स्थगितीच्या काळात. स्वतःची मालमत्ता कोणाकडे वळवायला बंदी असते. चालू सहामाही भरण्यापूर्वी आरपीला ईमेल करा, रक्कम आणि खाते सांगा, उत्तर जपून ठेवा. जुन्या थकबाकीला हात लावू नका.

दिवाळखोरीचा अर्ज आणि आदेश यांच्या मधल्या काळात. सगळ्यांत धोक्याचा काळ हाच. कलम १५८ प्रमाणे या दिवसांत कर्जदाराने केलेली मालमत्तेची विल्हेवाट रद्दबातल ठरते. स्वतःच्या खात्यातून मोठी रक्कम देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

आदेशानंतर. ट्रस्टीकडे गेलेल्या घराचा कर ट्रस्टी भरतो. त्याच्याकडे रोकड नसेल तर तो विक्रीपर्यंत थांबू शकतो, आणि शास्ती चढत राहते. त्याला लवकर भरायला सांगणारे पत्र तुम्ही जरूर द्या; शास्तीने मालमत्तेचे मूल्य घटते, हे कारण लिहा.

नातेवाइकाने भरले तर. भाऊ किंवा मुलगी स्वतःच्या पैशातून चालू कर भरू शकते. पैसे त्यांच्या खात्यातून थेट महापालिकेकडे जाऊ द्या. आधी तुमच्या खात्यात घेऊन पुढे भरले, तर ते तुमचे पैसे ठरतात. पावती मिळकतीच्या नोंदणीकृत नावाने निघते, म्हणून भरणाऱ्याने बँकेचा उतारा जपावा आणि ती भेट आहे की उसने, हे त्याच दिवशी दोन ओळींत लिहून ठेवावे.

सावधान : खिडकीवर रोख किंवा चेक दिला की कारकून सहसा आधी जुन्या थकबाकीत जमा करतो. फक्त चालू सहामाही भरायची असेल तर तसे पत्र जोडा आणि पावतीवरचा कालावधी तिथेच वाचा.

अभय योजना जाहीर झाली की शास्तीत मोठी सूट मिळते, पण अट बहुधा मुद्दल एकरकमी भरण्याची असते. मुदत पाहून ट्रस्टीला किंवा बँकेला लगेच लेखी कळवा. वाचणारा पैसा सगळ्या धनकोंच्या कामाचा आहे, आणि हा एक प्रसंग आहे जिथे जुने देणे लवकर फेडण्याला ट्रस्टीची संमती मिळण्याची चांगली शक्यता असते.

## टप्पा ८ : विक्री आणि मुक्ततेनंतरची तपासणी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे, आणि मुंबईत १८८८ च्या अधिनियमाच्या कलम २१२ प्रमाणे, जमीन महसुलानंतर घरपट्टीचा त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. दुसरीकडे सरफेसीचे कलम २६ई नोंदणीकृत तारणधारकाला स्थानिक संस्थेच्या करापेक्षाही अग्रक्रम देते; मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात या कलमाचा सविस्तर विचार केला. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार दिवाळखोरी प्रलंबित असेल तर हा अग्रक्रम संहितेच्या अधीन राहतो. हा वाद बँक, ट्रस्टी आणि महापालिका यांच्यातला आहे. त्यात तुम्ही कोणाची बाजू लेखी मांडू नका.

व्यवहारात लिलावाच्या जाहिरातीत ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहून थकीत कर खरेदीदारावर टाकलेला असतो. खरेदीदार तेवढी रक्कम वजा करूनच बोली लावतो. म्हणजे शास्ती चढली की तुमच्या कर्जातून वळती होणारी रक्कम तेवढीच घटते.

विक्री झाल्यावर :

१. विक्री प्रमाणपत्राची तारीख आणि नोंदणीचा तपशील मागून घ्या.
२. हस्तांतराची सूचना ३ महिन्यांत महापालिकेला द्यायची असते. खरेदीदारावर विसंबू नका, तुमच्याकडूनही पत्र द्या. सूचना नसेल तर जुन्या नावावरची जबाबदारी चालू राहते.
३. सहा महिन्यांनी मिळकत क्रमांक टाकून ऑनलाइन नाव बदलले का ते पाहा.

मुक्ततेचा आदेश दिवाळखोरीच्या आदेशाच्या तारखेपासून वर्षाने, किंवा कारभार पूर्ण झाल्याला धनकोंच्या समितीने त्याआधी मान्यता दिली तर तेव्हा मिळतो. त्याने तुमच्यावरची जुन्या घरपट्टीची वैयक्तिक जबाबदारी संपते. मिळकतीवरचा बोजा संपत नाही. घर वगळलेल्या गटातले असेल आणि तुम्ही पुन्हा तिथे राहायला जाणार असाल, तर जुनी थकबाकी त्या घरावर उभीच असते. महापालिका तुमच्यावर वैयक्तिक वसुली लावू शकली नाही तरी मिळकतीवर हात घालू शकते. अशा वेळी मुक्ततेचा आदेश, दाव्याचा निकाल आणि तिन्ही तुकड्यांचा हिशेब घेऊन करसंकलन अधिकाऱ्याकडून बाकी रकमेचे हप्ते लेखी ठरवून घ्या, आणि पहिला हप्ता भरल्यावर मिळकत क्रमांकासमोर तो जमा दिसतो का हे खिडकीवरच तपासा.